मदत हवी आहे: मार्कांसोबत गावातलं कामही बघणारी स्कॉलरशिप आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझी भाची यंदा बारावी आर्ट्सला आहे, मार्क 75-80 च्या घरात, पण ती पोर काय आहे ते वाड्यावर येऊन बघावं. दोन वर्षांमागे गणेश चवथीनंतर तळीत थर्माकोल आणि निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या तरंगत होत्या, ते बघून ही सात-आठ पोरांना घेऊन पाण्यात उतरली आणि तेव्हापासून वाड्यावरचा सुका कचरा हीच पोरं वेगळा करून घेतात. तिच्याकडे एक दोनशेपानी वही आहे, त्यात घर नंबर आणि पुढे कोणी मिसळून दिला, कोणी धुऊन दिला ते पेन्सिलने, म्हणजे सुधारले की खोडता येतं म्हणते. ग्रामसभेत तिला बोलता येईना कारण मतदार नाही, तर तिने अर्ज लिहिला आणि ताईने तो उभं राहून वाचला, सुका कचरा ठेवायला शेड मिळाली त्यानंतर!

आता अडचण अशी की भावजी पिकअप चालवतात, धाकटा अजून शाळेत, आणि हिला बाहेर राहून समाजशास्त्र शिकायचंय. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज माहीत आहे पण कर्ज म्हटलं की ताई घाबरते. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) आहे, पण तिथे वर्षाचे 120 तास मोजतात ते युनिटच्या कामाचे, वाड्यावरचं काम कुठल्याच कागदावर नाही. असं काम धरणारी स्कॉलरशिप आहे का, आणि पुरावा म्हणून काय जोडायचं?

प्रतिसाद १:
आधी एक, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर स्कीम सोडू नका. 80 टक्के मार्क लागतात असं समजून बरेच जण भरतच नाहीत, तिथे 80 पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं, म्हणजे बोर्डात तुमच्यापुढे किती ते बघतात. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीला वर्षाला 12,000 मिळतात. पण ती मार्कांचीच. कामाबद्दल बोलायला मिळेल ते अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीत, बंगळूर किंवा भोपाळ, प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते आणि मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. ती वही मुलाखतीला न्याच, सर्टिफिकेटांच्या फाईलपेक्षा ती जास्त बोलेल. अर्जाची पंचायतीत इनवर्ड शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, मारलेली कॉपी असेल ना? ती जपा.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, पर्सेंटाइलचं खरंच माहीत नव्हतं, आम्ही तो फॉर्म भरणारच नव्हतो. शिक्क्याची कॉपी ताईच्या कपाटात आहे, आत्ताच फोन करून विचारलं. रविवारी पंचांकडे जातोय तिच्या कामाबद्दलचं पत्र मागायला, ते पंचायतीच्या लेटरहेडवरच लागेल की त्यांच्या सहीचं साधं चालेल, कोणी घेतलं असेल तर सांगा.