ऑफिसचा जुना कॉम्प्युटर दिसेना! (सोसायटी ग्रुप, मंगळवार रात्र)

मेधाकाकू, खजिनदार: नमस्कार मंडळी. ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरवरून जुन्यातलं 'मेंटेनन्स' फोल्डर उघडत नाहीये. नेटवर्कवर क्लिक केलं की नवा एकटाच स्वतःला बघत बसतो. या आठवड्यात बिलं काढायची आहेत. कुणी येऊन बघेल का?

सुहासकाका ए-२०२: बंद करून चालू केलात का?

मेधाकाकू: तीनदा.

बी-५०१: पेन ड्राइव्हवर घ्या ना. कशाला एवढा घोळ?

मेधाकाकू: चार दिवस तेच चाललंय. आता एकाच बिलाच्या तीन फायली झाल्यात. 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'हीच फायनल'. ऑडिटरना कुठली दाखवू?

निनाद सी-३०३: काकू, शनिवारी इंटरनेटवाला नवा राउटर लावून गेला, तेव्हापासूनच ना हे?

मेधाकाकू: हो रे. पण नेट तर दोन्हीकडे मस्त चालतंय.

निनाद: नेट चालतं म्हणजे दोघं एकमेकांना दिसतीलच असं नाही. मी अजून ऑफिसात अडकलोय, फोनवरूनच सांगतो. दोन्हीकडे स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल, तिथे 'आयपीकॉन्फिग' लिहा. इंग्रजीतून हं. आयपीव्ही४ अशी ओळ येईल, तिच्यापुढचा आकडा पाठवा.

मेधाकाकू: नवा १९२.१६८.१.१२, जुना १९२.१६८.०.१०३

निनाद: सापडलं! तिसरा आकडा बघा, एकाचा १ आणि दुसऱ्याचा ०, म्हणजे दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. जुना राउटर अजून चालू आहे का?

सेक्रेटरी ए-४०१: आहे की, कपाटावर. त्या माणसाने नव्याची वायर जुन्यात खुपसली आणि म्हणाला, 'चालतंय ना सर, असू द्या.'

निनाद: तिथेच गाडं अडलं. जुना कॉम्प्युटर जुन्या राउटरच्या आड राहिला आणि नवा थेट नव्यावर आला. आतून बाहेर जाता येतं म्हणून नेट चालतं, पण बाहेरच्याला आतला दिसत नाही. जुन्या कॉम्प्युटरची वायर काढून नव्या राउटरच्या लॅन लिहिलेल्या भोकात लावा आणि कपाटावरचा बंदच करून टाका.

सेक्रेटरी: लावली. जुना आता १९२.१६८.१.१५ दाखवतोय. पण नव्यावरून अजूनही दिसत नाही.

सुहासकाका: यूट्यूबवर एक जण सांगतोय, फायरवॉल बंद करा आणि एसएमबी १ चालू करा. लगेच दिसतो म्हणे. लिंक टाकू का?

निनाद: काका, दोन्ही नको 🙏 एसएमबी १ म्हणजे फायली शेअर करायची जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो तिच्याच भोकातून. त्याच वर्षीच्या अपडेटपासून विंडोज १० मधून ती काढायला सुरुवात झाली. आपल्याकडे विंडोज १० आणि ११ आहे, त्यांना तिची गरजच नाही.
काकू, जुन्यावर सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा. पब्लिक आहे की प्रायव्हेट?

मेधाकाकू: पब्लिक.

निनाद: राउटर बदलला की विंडोजला वाटतं आपण नव्या ठिकाणी आलो, कुठल्या तरी कॅफेत बसलोय. म्हणून तो कुणालाच स्वतःला दाखवत नाही. दोन्हीकडे प्रायव्हेट करा आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू करा. मग यादीत दिसायची वाट न बघता नव्यावर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन १९२.१६८.१.१५ लिहा.

मेधाकाकू: आलं!! पण नाव आणि पासवर्ड मागतोय. माझा पिन घेत नाही.

निनाद: पिन त्या त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून चालत नाही. पण आधी कधी पासवर्ड मागायचा का?

मेधाकाकू: कधीच नाही. सरळ उघडायचं.

निनाद: सेक्रेटरीकाका, फोल्डरवर राइट क्लिक करून शेअरिंग बघता का? कुणाकुणाची नावं आहेत?

सेक्रेटरी: 'एव्हरीवन, फुल कंट्रोल.' मीच केलं होतं, तेव्हा पटकन चालू करायचं होतं.

निनाद: आणि शेअरिंगला पासवर्ड मागायची सेटिंग बंद. आता क्लबहाउसचं वायफाय याच राउटरवर आहे ना? त्याचा पासवर्ड नोटीस बोर्डवर लावलाय.

बी-५०१: म्हणजे?

निनाद: म्हणजे क्लबहाउसात बसलेल्या कुणालाही मोबाईलमधून आपलं फोल्डर उघडता आलं असतं. वाचताच नव्हे, खोडताही.

डी-१०४: आलं असतं काय, येतंच! माझ्या मुलाने दिवाळीतच दाखवलं होतं. थकबाकीची यादी आहे त्यात. मला वाटलं सगळ्यांसाठीच ठेवलीय.

बी-५०१: कोण कोण आहे यादीत?

सेक्रेटरी: तो विषय इथे नको.

मेधाकाकू: अरे त्यात 'जे' रजिस्टर पण आहे, सगळ्या सभासदांची माहिती. निनाद, लगेच बंद कर बाबा.

निनाद: जुन्यावर 'हिशेब' नावाचं साधं लोकल खातं काढा, पासवर्ड द्या. शेअरिंगमधून एव्हरीवन काढून हे घाला. शेजारच्या सिक्युरिटी टॅबमध्येही घाला, तिथे राहून गेलं की 'ॲक्सेस डिनाइड' येतं आणि लोक पुन्हा एव्हरीवनवर जातात. मग पासवर्ड मागायची ती सेटिंग चालू करा. तसंही नवीन विंडोज ११ प्रोला बिनपासवर्डचं चालत नाही. क्लबहाउससाठी राउटरवर वेगळं गेस्ट वायफाय मी रविवारी करून देतो. तोवर नोटीस बोर्डवरचा कागद काढा.

सुहासकाका: पण यादीत नाव अजून दिसत नाही ना? माझ्या दुकानात पण हीच बोंब आहे.

निनाद: जुन्यावर सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधा. ती बंद असली तर मशीन आपलं नाव जाहीरच करत नाही. ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. आणि राउटरवर जुन्यासाठी .१५ राखून ठेवू, म्हणजे आकडा बदलणार नाही.

सेक्रेटरी: जुना बदलायला किती दिवस आहेत आपल्याकडे?

निनाद: जुन्यातल्या विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले, काका.

सुहासकाका: खर्च आहे म्हणजे एजीएमला विषय घ्या.

मेधाकाकू: झालं!! 'हिशेब' ने उघडलं. 'हीच फायनल' ठेवते, बाकी दोन उडवते.

निनाद: उडवू नका, आधी तारखा बघा 😅

सेक्रेटरी: अरे, प्रिंटर आपोआप सुरू झालाय. काय काढतोय हा?

मेधाकाकू: तो जुन्यालाच जोडलेला आहे ना, शनिवारपासूनचे प्रिंट अडकले असतील. 'उद्या रविवारी टाकी धुणार, पाणी येणार नाही.' सातवी प्रत निघतेय.

बी-५०१: उद्या पाणी नाही का??