टर्न-बेस्डला 'डाव' म्हणायचं का 'पाळी'?

काल कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर आमची व्हिडिओ गेमवरनं जुंपली. मित्राचं म्हणणं आरपीजी (पात्र घेऊन खेळायचे गेम) म्हणजे टर्न-बेस्डच, एकानंतर एकानं मारायचं, बाकी सगळी बटणं बडवायची हमाली. मी एल्डन रिंगसारख्या थेट मारामारीच्या गेमवाला, मला ते आधी तू मार मग मी मारतो बघून झोप येते. भांडण काय मिटलं नाही पण मधेच तो 'डावाची लढाई' म्हणला आणि मी तिथंच अडकलो. टर्न म्हणजे डाव होतो का? भाचीबरोबर मराठीत गेमप्लेचे व्हिडिओ करतोय, त्यात बोलताना रोज अडतंय. टर्न, स्टॅमिना, पॅरी (आलेला वार नेमक्या वेळी परतवणं), पॉज, याला बोलण्यातले शब्द सांगा. 'वळणाधारित' लिहिणाऱ्याला दूध मिळणार नाही.

प्रतिसाद
पाळी म्हणा की सरळ. 'आता तुझी पाळी.'

धागाकर्ता
म्हणून बघितलं. भाची फिस्सकन हसली. 'आळीपाळीनं' म्हटलं की मात्र कोण हसत नाही.

प्रतिसाद
आळीपाळीच घ्या आणि डावाला हात लावू नका. मी लहानपणी दोन वर्षं तालमीत माती खाल्लेला माणूस, आमच्यात डाव म्हणजे ढाक, घिस्सा, मोळी. पत्त्यात डाव म्हणजे अख्खा खेळ, क्रिकेटात इनिंग. एवढी ओझी असताना त्याच्या डोक्यावर टर्न कशाला देताय? उलट गेममधल्या मूव्हला डाव म्हणा, मग पुढचं आपोआप जुळतंय, कारण डाव म्हटला की त्याला तोड आली. पॅरी म्हणजे तोड! डार्क सोल्समध्ये (२०११) नवा बॉस (मोठा शत्रू) आला की आधी काय करतो आपण? अंतर धरून फिरतो, एक हूल देतो, तो कुठला हात उचलतोय बघतो. खासबागेत पैलवान भिडायच्या आधी हेच करतात, त्याला खडाखडी म्हणतात. आणि ती स्टॅमिनाची हिरवी पट्टी म्हणजे दमसास, वार करा, लोळण घ्या नायतर ढालीवर फटका झेला, दम खर्च होतोच, संपला की ढाल असून उघडे. आता तुमच्या भांडणाचं. क्लेअर ऑब्स्क्यूर (२०२५) आळीपाळीचाच आहे, तरी समोरच्याचा घाव येताना नेमक्या वेळी बटण दाबलं तर तोड बसते, नाही दाबलं तर मार खायचा. मग आळीपाळी का थेट, याच्यावर भांडून काय मिळणार? डावाला तोड आहे का नाही तेवढं बघायचं. नुसतं 'अटॅक' दाबत बसायचं असेल तर दोन्ही गेम सारखेच कंटाळवाणे.

धागाकर्ता
दादा, खडाखडी उचलली!

प्रतिसाद
पॉजला शब्द शोधताय? गल्लीत काय ओरडत होतो आपण, टाइमप्लीज! बाल्डर्स गेट (१९९८) तसाच आहे, लढाई सुरू असताना स्पेस दाबली की सगळे जागच्या जागी, एकेकाला काम सांगायचं आणि सोडायचं. तिसरा भाग (२०२३) मात्र पूर्ण आळीपाळीचा. त्यात २० बाजूंचा फासा पडतो त्याला दान म्हणा, सोंगट्यांतलं. दान वाईट पडलं की हाताला आलेला शत्रू पण सुटतो, मी दोनदा माऊस आपटलाय.

प्रतिसाद
आणि फायनल फँटसी ४ मधलं (१९९१) एटीबी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल? ज्याची वेळ भरली त्याचा नंबर, तुम्ही विचार करत बसला तर समोरचा शिरतो. हे स्टँडावर एसटीत चढल्यासारखं आहे, रांग आहे म्हणायला.

प्रतिसाद
आळीपाळीवाल्यांना एक विचारतो, तिसाव्या फुटकळ उंदराला मारताना पण थांबून विचार करायचा व्हय? तिथं मला थेटच पाहिजे. ह्या बारक्या लढायांना शब्द सुचवा.

प्रतिसाद (तालमीतला)
रेवड्यांवरच्या कुस्त्या. मैदानात सुरुवातीला बारक्या पोरांच्या लागतात त्या. त्या झटपट उरकायच्या असतात हे मात्र बरोबर बोललात.

धागाकर्ता
मित्राला दाखवलं, तो म्हणतोय तोड वगैरे ठीक, पण आळीपाळीच भारी. जाऊ दे. शेवटचा शब्द राहिला, क्रिटिकल हिटला, म्हणजे एखादा फटका एकदम जादा बसतो त्याला, काय म्हणू?

प्रतिसाद
त्याला शब्द लागतोय व्हय लगा? 'आबाबाबा' म्हणायचं.