सध्या कोण काय वाचतंय? (सोसायटी ग्रुप, रविवार)

ए-३०४: नमस्कार मंडळी. सुप्रभातची फुलं पाहून झाली असतील तर विचारते, सध्या कोण काय वाचतंय? फक्त 'अप्रतिम, जरूर वाचा' एवढंच लिहून पळू नका. कशाने धरून ठेवलं ते सांगा. सुरुवात मी करते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' चालू आहे. पहिला भाग १९३४चा, म्हणून भाषा जड जाईल असं वाटलं होतं. कसलं काय, बाई समोर बसून बोलतात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराची झालेली परवड त्या इतक्या मजेत सांगतात की आपण आधी हसतो आणि मग चरकतो. पुढे नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, तेव्हाचा त्यांचा संताप, एकटेपणा, आणि हळूहळू बदलत गेलेलं मन... कुठेही स्वतःची बाजू मांडायची घाई नाही.

सी-१०१: 'मृत्युंजय'. पुन्हा एकदा. 🙏

ए-३०४: सर, पुन्हा का, ते लिहा की!

सी-१०१: कर्ण आहे म्हणून. अजून काय कारण हवं?

बी-४०३: मला मुलासाठी सुचवा. बारा वर्षांचा आहे, मोबाइल हातातून सुटत नाही.

सी-२०५: थोरांची चरित्रं द्या ताई. संस्कार होतात.

ए-५०१: अहो, बारा वर्षांच्या पोराला 'यातून काहीतरी शिक' म्हणून पुस्तक दिलं की ते मेलंच. ताई, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणा. पोरगा किडकिडीत, सायकलवर सुसाट, संकट दिसलं की तोंडातून 'ट्टॉक!' एक गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन पाठलागात पुस्तक मिटून कामाला लागा. बाकीचं तो बघेल.

बी-४०३: 😄 करून बघते.

बी-२०२: १०१ सर, 'मृत्युंजय' हातात आहेच तर ते संपल्या संपल्या इरावती कर्वे यांचं 'युगांत' घ्या. दोन्ही पुस्तकं १९६७ची. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहाजण आळीपाळीने बोलतात. कर्ण स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्यामुळे आपण नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो. इरावतीबाई कोणाच्याच शेजारी बसत नाहीत. त्यातला भीष्मांवरचा लेख आधी वाचा. आपल्याला लहानपणापासून त्यांचा त्याग शिकवलेला असतो. बाई विचारतात, या त्यागाची किंमत कोणी मोजली? अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री, या घरात आणलेल्या एकेका बाईचं काय झालं ते त्या शांतपणे समोर ठेवतात. आवाज चढत नाही, म्हणून जास्त लागतं.

सी-१०१: म्हणजे आमचा कर्ण खोटा?

बी-२०२: खोटा कशाला? तो कादंबरीतला. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल वाट्टेल ते बोलणारा कर्ण मूळ महाभारतात आहेच ना. दोघांना एकाच आठवड्यात भेटा, मग बोलू.

सी-१०१: तुम्ही पुस्तक आणून द्या, वाचतो. आणि मग खाली बाकावर या, फोनवर हे भांडण जमायचं नाही.

बी-२०२: संध्याकाळी घेऊन येते. 🙂

ए-२०१: बी विंगची लिफ्ट बंद आहे का?

ए-३०४: मेंटेनन्सच्या ग्रुपवर विचारा हो, इथे पुस्तकं चालू आहेत.

सी-२०५: माझ्याकडे 'मृत्युंजय'ची पीडीएफ आहे. टाकू का?

अ‍ॅडमिन: टाकू नका. कायद्याने लेखक गेल्यानंतर पुढची ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले, म्हणजे अजून बरीच वर्षं आहेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. ते खुशाल टाका.

सी-२०५: एक पुस्तक शेअर केलं तर काय बिघडतं? आपण काय विकतोय का?

अ‍ॅडमिन: छापील पुस्तक द्या की कोणालाही, त्याला कोण नाही म्हणतंय? ते एका वेळी एकाच घरात असतं. पीडीएफ या ग्रुपवरून पंधरा ग्रुपवर जाते. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती प्रतींची निघते ते एखाद्या प्रकाशकाला विचारून बघा.

बी-६०२: जाऊ दे ते. माझं ऐका. 'कोसला' वाचतोय आणि अडकलोय. जो भेटतो तो म्हणतो भारी आहे. मला त्या पांडुरंग सांगवीकरचा नुसता वैताग येतोय.

ए-५०१: येणारच. त्याला स्वतःलाही येतो. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. त्या वयातला कंटाळा त्यांनी गोड करून वाढलेला नाही. त्याची धाकटी बहीण मनी जाते तिथपर्यंत तरी वाचा. तोवर टिंगल करणारा हा मुलगा तिथे ज्या भाषेत रडतो, तशी भाषा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

बी-६०२: अहो, सांगून टाकलंत की!

ए-५०१: १९६३ची कादंबरी आहे राव. 🙏

सी-२०५: नाही आवडलं तर सोडून द्यावं. परीक्षा थोडीच आहे?

ए-३०४: हे मात्र पटलं. तरी ६०२, मनीपर्यंत जा आणि मग सोडा.

ए-१०३: सगळे मेसेज नात वाचून दाखवते आहे. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर अजून लागत नाही. ऐकण्यासारखं काही सांगा.

सी-१०१: वहिनी, 'बटाट्याची चाळ' ऐका, खुद्द पु. लं.च्या आवाजात. छापील पुस्तक १९५८चं, पण ती चाळ खरी ऐकायचीच. प्रत्येक भाडेकरूचा सूर वेगळा.

ए-१०३: ती ऐकून ऐकून पाठ झाली भावजी. पुढचं वाक्य मीच आधी म्हणते. नवीन काहीतरी सांगा.

बी-२०२: काकू, 'बनगरवाडी' चालेल? माडगूळकरांचं. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. वाडीतली माणसं आधी त्याला जोखत राहतात, मग हळूहळू त्याच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येऊ लागतात. सगळी वाडी राबून तालीम उभी करते, आणि नंतर दुष्काळ येतो. वाक्यं लहान आहेत, मोठ्याने वाचायला फार छान. ऑडिओ कशाला, मीच येऊन वाचते.

ए-१०३: ये की. नातीलाही बसवते.

बी-४०३: मी मुलाला पाठवू का? मोबाइल घरी ठेवून.

बी-२०२: पाठवा, पण ऐकायचंच अशी सक्ती नको. कंटाळला तर उठून जाऊ दे.

ए-४०२: मंडळी, आता विषय निघालाच आहे तर विचारतो. माझं 'रारंग ढांग' कोणाकडे आहे? प्रभाकर पेंढारकरांचं. नेताना 'लगेच देतो' म्हणालात, नाव मी लिहून ठेवलं नाही. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरची गोष्ट आहे, मुलीला वाचायला द्यायची होती.

बी-६०२: काका, माझ्याकडे आहे. 🙈 'कोसला'ला कंटाळलो की तेच उघडतो.

ए-४०२: वाचून झालं का?

बी-६०२: वरिष्ठांशी खटका उडालाय, आता काय होतंय ते बघायचंय. दोन दिवस द्या.

ए-४०२: घे. पण पानं दुमडू नकोस, आत तिकीट-बिकीट काहीतरी ठेव. आणि परत माझ्याकडे आणू नकोस, परस्पर मुलीलाच दे. ती बी-३०१ला शिकवणीला येते.

बी-६०२: डन. मुलीला शेवट सांगू का? 😛

ए-५०१: अ‍ॅडमिन, याला काढा.