पहिल्यांदाच पोपटी लावायचीय : पाच मोठे, तीन पोरं, एक मडकं. पुरेल का?

मधलीसुट्टी

जानेवारीतल्या एका शनिवारी पेणजवळच्या शेतावर सगळ्यांनी जमायचं ठरलंय. भात कापून झालेलं खाचर रिकामं आहे, विहीर हाकेच्या अंतरावर. पाच मोठे आणि तीन मुलं (६, ९ आणि १३ वर्षांची). पोपटी (म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे, चिकन वगैरे मडक्यात भरायचं, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करून भाजायचं) सगळ्यांनी खाल्लीय, लावली मात्र एकानेही नाही. अडचणी अशा :

घरात ५ लिटरचं पाण्याचं मडकं आहे, ते चालेल का? आई-बाबा शाकाहारी, बाकीच्यांना चिकन हवंच. एकाच मडक्यात केळीच्या पानाआड ठेवलं तर चालतं का? मडक्यात ज्याचा पाला कोंबतात तो भांबुर्डा ओळखायचा कसा, आणि नाहीच मिळाला तर? आणि शिजलं हे कळतं कसं? यूट्यूबवर कोणी वीस मिनिटं सांगतो, कोणी तासभर.

मुलांना नुसतं बसवून ठेवायचं नाहीये. त्यांना काय काम देता येईल तेही सांगा.

खाचरवाला

आधी मडक्याचा हिशोब. शेंगा वजनाला हलक्या पण जागा फार खातात. दोन किलो वालाच्या शेंगा सैल भरल्या तर सहा लिटरच्या आसपास जातात. त्यात बटाटे, रताळी, अंडी, चिकन आणि वरखाली पाला. म्हणजे आठ जणांना एकच मडकं करायचं तर १० ते १२ लिटरचं हवं. तुमच्या ५ लिटरच्यात एक-सव्वा किलो शेंगा आणि चार बटाटे मावतील.

पण तुमच्याकडे शाकाहारी मंडळी आहेत, तेव्हा दोन मडकी लावा. पानाची पुडी कितीही घट्ट बांधली तरी चिकनचं पाणी सुटतंच, आणि मडकं उलटं असल्यामुळे ते खालच्या शेंगांवर उतरतं. घरातलं ५ लिटरचं आई-बाबांसाठी ठेवा आणि कुंभाराकडून ८ लिटरचं दुसरं आणा. आकार गोल पोटाचा आणि तोंड साधारण वीतभर रुंद, हात कोपरापर्यंत आत जाईल असं. फार अरुंद तोंडाचं घेतलं तर रिकामं करताना ते फोडण्याची पाळी येते.

घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. रंगवलेलं, वार्निश मारलेलं किंवा नळ बसवलेलं मडकं नको. आणि पाण्याचं मडकं वापरणार असाल तर आठवडाभर आधी रिकामं करून उन्हात कडकडीत वाळवा. मातीत मुरलेलं पाणी जाळावर एकदम वाफ होतं आणि मडकं तडकतं. पहिल्यांदा लावणाऱ्यांची मडकी बहुतेक यामुळेच फुटतात, आणि दोष मात्र कुंभाराला मिळतो.

मोठ्या मडक्याचं सामान : वालाच्या शेंगा सव्वा किलो, लिंबाएवढे बटाटे ८, रताळी ३ (मुठीपेक्षा मोठी असतील तर दोन तुकडे), अंडी ६, चिकन पाऊण किलो, जाडं मीठ तीन मोठे चमचे, ओवा दोन मोठे चमचे. छोट्यात चिकन-अंड्यांऐवजी कांदे आणि वांगी टाका. वांग्याला देठ ठेवून चार चिरा द्या, आत मीठ-मसाला भरा.

शेंगा भरलेल्या पण हिरव्या घ्या. पिवळ्या पडलेल्या राठ लागतात, कोवळ्या चपट्या विरघळून जातात. सोलायच्या नाहीत. धुऊन ओल्याच ठेवा, मीठ-ओवा त्यांनाच चिकटतो. मडक्यात वरून पाणी अजिबात घालायचं नाही. जी वाफ होते ती शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीची.

पालापाचोळा

भांबुर्ड्याबद्दल. भात कापल्यावर बांधावर, पडीक खाचरात आपोआप उगवतो. गुडघ्याएवढा, पानं मऊ, लवदार, कडा दातेरी, शेंड्याला पिवळ्या फुलांचे बारीक झुपके. खरी ओळख नाकाने पटते : पान चुरगळलं की कापरासारखा उग्र वास येतो आणि बोटं किंचित चिकट होतात. वास नसेल तर तो भांबुर्डा नव्हे.

गाजरगवत जवळपास असतंच. त्याची फुलं पांढरी, बारीक, पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. त्याला हात लावला की काहींच्या अंगाला खाज सुटते. धोतरा विषारी आहे, तो चुकूनही भाऱ्यात येऊ देऊ नका. म्हणून पाला उजेडातच खुडा. जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा पाच वाजता मुलांना घेऊन बांधावर निघा. तेरा वर्षांच्या मुलाला आधी शेतावरच्या माणसाकडून एक रोप दाखवून घ्या आणि बाकीच्या दोघांचा पाला त्याला तपासायला सांगा. पोरं एकमेकांच्या चुका आपल्यापेक्षा बारकाईने काढतात.

दोन मडक्यांना दोन्ही हातांच्या कवेत मावेल असे तीन भारे लागतील. मुळं तोडा, माती झटका, एकदा पाण्यातून काढा. हमरस्त्याच्या कडेचा किंवा तणनाशक मारलेल्या शेतातला नको.

नाहीच मिळाला तर केळीची पानं आणि वालाचाच वेल वापरा. शेंगा शिजतील, वाफ धरली जाईल. चव मात्र ती नाही. शेंगांना जो कडसर सुवास लागतो तो भांबुर्ड्याचाच, त्याला पर्याय सुचवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. (पुण्यातल्या मंडळींसाठी : शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे, पण आता तिथे जाऊन पाला शोधू नका.)

चुलीजवळ

भरणं आणि जाळ, दोन्ही सांगतो.

मडकं सरळ उभं धरा. तळाला चार बोटं भांबुर्डा दाबून बसवा, कडेनेही थोडा लावा. मग शेंगांचा थर, त्यावर चिमूटभर मीठ-ओवा. बटाटे आणि रताळी भिंतीलगत, कारण त्यांना आच जास्त लागते. अंडी अगदी मधोमध, शेंगांच्या गादीत. भिंतीला टेकलेलं अंडं फुटतं आणि मग सगळ्या मडक्याला त्याचा वास. चिकनची पुडीही मधेच, अंड्यांच्या खाली. वर पुन्हा शेंगा. तोंडापाशी भांबुर्डा कोंबायचा, अगदी मुठीने ठोसून. मडकं उलटं करून हलवलं तर आतलं काही हललं नाही पाहिजे. हललं तर अजून पाला.

जागा : खाचरात मधोमध, चारी बाजूंनी दोन-दोन मीटर कापलेल्या भाताचे खुंट आणि गवत काढून. जमिनीवर पाल्याची चकती, त्यावर मडकं उलटं. तोंड मातीला घट्ट टेकलेलं हवं, कडेला ओली माती लिंपली तर आणखी बरं. दोन मडक्यांत हातभर अंतर, दोघांना मिळून एकच जाळ चालतो.

जळण : आधी चारी बाजूंनी गोवऱ्या उभ्या रचा, त्यावर बारीक काटक्या, नारळाची सोडणं, वरून पेंढा. पहिली दहा मिनिटं जाळ मध्यम ठेवा, मग वाढवा. सुरुवातीलाच पेंढ्याचा भडका उडवला तर मडकं एका बाजूने तापतं आणि तडकतं. वारा असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूला जळण जास्त घाला, नाहीतर अर्धी पोपटी करपते आणि अर्धी हिरवी राहते.

वेळ : ५ लिटरचं फक्त शेंगांचं मडकं ३० मिनिटं. ८ लिटरचं चिकन घातलेलं ४५. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडा. चर्र वाजून तत्काळ उडाले की झालं.

नापसंत_मसाला

चुलीजवळ, बाकी सगळं मान्य, पण थेंबांवर इतका भरवसा नको. थेंब उडाला म्हणजे मडक्याची भिंत तापली, एवढंच कळतं. गोवऱ्यांचा जाळ कडक असेल तर पंधराव्या मिनिटालाच थेंब नाचतात आणि आत बटाटा कच्चा असतो. घड्याळ, थेंब आणि वास, तिन्ही जुळायला हवेत. आधी हिरवट, गवतासारखा वास येतो. मग तो बदलून भाजलेल्या ओव्याचा येतो. त्यानंतर पाच मिनिटांनी जाळ बाजूला ओढायचा आणि मडकं निखाऱ्यात तसंच दहा मिनिटं मुरू द्यायचं.

मधलीसुट्टी

दोन शंका. एक, थेंब शिंपडल्याने मडकं फुटत नाही का? दोन, चिकन आतून कच्चं निघालं तर पुन्हा मडक्यात घालायचं का?

चुलीजवळ

बोटांनी उडवलेले चार-पाच थेंब काही करत नाहीत. तांब्याने ओतलंत तर मात्र मडकं जाईल. म्हणून मुलांच्या हातात तांब्या देऊ नका, वाटीत बोटं बुडवून शिंपडायला द्या. तेही मोठ्या माणसाने हात धरून. नापसंत, वासाचं म्हणणं पटलं.

नापसंत_मसाला

चिकन पुन्हा मडक्यात अजिबात नको. पातेलं आणि झाकण सोबत न्या. पुडी उघडल्यावर सगळ्यांत जाड तुकडा हाडापर्यंत चिरा. हाडाजवळ गुलाबी दिसलं तर सगळे तुकडे पातेल्यात घालून थोडं पाणी टाका आणि निखाऱ्यावर झाकून १५ मिनिटं ठेवा. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस हवं.

ही वेळ येऊ नये म्हणून तुकडे दोन इंचांच्या आतले घ्या, प्रत्येकाला दोन चिरा द्या. अख्ख्या तंगड्या दिसायला छान, पण शिजायला दगा देतात. वाटण : आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, लिंबू. दही नको, फार पाणी सुटतं. मुंबईहून मुरवलेलं चिकन नेणार असाल तर बर्फाच्या पेटीत, आणि भरायच्या वेळीच बाहेर काढा. केळीचं पान आधी जाळावरून फिरवा म्हणजे ते दुमडताना फाटत नाही. दुहेरी पुडी करा आणि केळीच्या सोपटाने बांधा. रबरबँड किंवा नायलॉनची दोरी वितळते. कच्च्या चिकनचा हात धुतल्याशिवाय शेंगांना लावू नका, विहीर जवळ आहेच.

पदर_खोचून

मडकं उचलायचं कसं हे कोणीच लिहिलं नाही! आधी लांब काठीने निखारे बाजूला करा. मग दोन जाड, कोरडी गोणपाटं घेऊन दोघांनी दोन बाजूंनी धरा. ओलं गोणपाट नको. ओल्या कापडातून चटका पटकन बसतो आणि वाफेने हात भाजतो. मडकं बाजूला आणून सरळ करा, तोंड माणसांपासून लांब वळवा आणि काठीने पाला ओढा. पहिली वाफ जोरात येते, त्या वेळी मुलं पाच पावलं मागे.

ओतायला खाली ताडपत्री नको, वितळेल. गोणपाटावर केळीची पानं पसरा. सगळं ओतल्यावर पाच मिनिटं कोणी हात लावायचा नाही. बटाटा वरून गार दिसतो आणि आत जाळतो. सहा वर्षांच्या पोराला शेंग दातात धरून ओढायची कशी ते आधी दाखवा, नाहीतर तो सालासकट चावत बसेल.

मुलांची कामं : सर्वांत धाकट्याकडे ओवा-मीठ भुरभुरणं, मधल्याकडे बटाट्यांना चिरा पाडणं (बोथट सुरीने), मोठ्याकडे घड्याळ आणि जळणाची नोंद. एक मोठं माणूस फक्त जाळाकडे बघायला नेमा, त्याला दुसरं काही काम नको, मोबाइलही नको. सगळ्यांनी सुती कपडे घालावेत. घोळदार ओढण्या घरी ठेवा. दोन बादल्या पाणी आणि एक घमेलं माती आधीच भरून ठेवा.

रात्रपाळी

मडकं शिजेपर्यंतच्या पाऊण तासाचं मी सांगतो. आधी लगोरी, जाळापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. अंधार पडला की आकाश. जानेवारीत संध्याकाळीच पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. मधे सरळ रेषेत तीन ताऱ्यांचा बाण, तो मुलांना लगेच सापडतो. ती रेषा खाली क्षितिजाकडे वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. वरच्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा छोटा पुंजका. कृत्तिकांत किती तारे मोजता येतात याची पैज लावा. बहुतेकांना सहा दिसतात.

जाळाकडे बघून लगेच वर पाहिलं तर काहीच दिसत नाही. जाळाकडे पाठ करून दहा मिनिटं थांबा, मोबाइलचा टॉर्च बंद. शक्यतो अमावास्येच्या आसपासचा शनिवार निवडा.

सातवा_मजला

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लावता येईल का?

चुलीजवळ

नको. स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही खराब होईल, शिवाय धूर वरच्या मजल्यांत शिरेल. ओळखीच्या कोणाचं तरी शेत बघा. आणि वनखात्याच्या हद्दीत कुठेही जाळ करू नका. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे.

मधलीसुट्टी

सगळ्यांचे आभार. दोन मडकी, तीन भारे पाला, सुती कपडे, पातेलं आणि घमेलं, यादीत लिहिलं. आता शेवटचं : निघताना राखेचं काय करायचं?

खाचरवाला

निखारे काठीने पसरा, पाणी घाला, ढवळा, पुन्हा पाणी. मग हाताची मागची बाजू राखेच्या वर धरा. गरम वाटलं तर अजून एक बादली. गोवरी वरून विझलेली दिसते आणि आत तासन्तास धुमसते, म्हणून प्रत्येक गोवरी फोडून ओली करा. गार झालेली राख खाचरातच पसरली तरी चालते. मडकं गार झाल्यावर नुसतं पाण्याने धुवा, साबण नको, माती तो पिते. वाळवून पुढच्या पोपटीला ठेवा. एकदा जाळ खाल्लेलं मडकं नव्यापेक्षा कमी तडकतं. मात्र पुन्हा पाण्याला वापरू नका, महिनाभर ओव्याचं पाणी प्यावं लागेल.