मदत हवी आहे: वॉरंट सुरतेचं, माणूस इचलकरंजीत

नमस्कार मंडळी, कोर्टकचेरीतलं कळणारं कुणी असेल तर जरा सांगा.

मामाचे इचलकरंजीत आठ यंत्रमाग आहेत. सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून सूत उधारीवर आणलं, मंदीत चेक वटला नाही, त्याने तिकडेच केस टाकली. समन्स आलं ते गुजरातीत. "वाचताच येत नाही तर जायचं कशाला," म्हणून मामाने ते देव्हाऱ्याखालच्या खणात सारलं. (मामीला हे परवा कळलं. ते रामायण वेगळंच.)

परवा सकाळी इथल्या ठाण्याचे हवालदार आणि साध्या कपड्यातले दोघे दारात. मामा नेमका जयसिंगपूरला गेला होता. मामीला गोल शिक्क्याचा कागद दाखवला: अजामीनपात्र वॉरंट.

शेजारचे काका म्हणतात, परराज्यातलं वॉरंट इथं चालत नाही, सहा महिने गप्प बसा, आपोआप मरतं. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे एका राज्यातला आरोपी दुसऱ्या राज्याला हवा असेल, तो राजी नसेल, तर गव्हर्नरचं वॉरंट लागतं. आपल्याकडेही राज्यपालांची सही लागते का? मामाला थेट सुरतेला उचलून नेतील का?

काळाकोट:
काकांचं ऐकू नका. प्रत्यार्पण दोन देशांत असतं. आपल्या राज्याराज्यांत ती भानगडच नाही. वॉरंट देशभर बजावता येतं, राज्यपालांचा संबंध नाही. बाहेरचे पोलीस सहसा स्थानिक दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाण्याचा शेरा घेतात, म्हणून तर हवालदार सोबत होते. आणि वॉरंट आपोआप मरत नाही. बजावलं जाईपर्यंत किंवा त्याच कोर्टाने रद्द करेपर्यंत ते जिवंत.

थेट सुरतेला मात्र नेत नाहीत. जिल्ह्याबाहेर इतक्या लांब पकडलं तर आधी इथल्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. चेक न वटल्याचा, म्हणजे कलम १३८ चा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे. वॉरंट 'अजामीनपात्र' झालं ते तारखेला न गेल्यामुळे. त्यामुळे मामा जामीन द्यायला तयार असतील तर इथलेच दंडाधिकारी तो घेऊन बंधपत्र सुरतेला पाठवू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) कलम ८१, तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये ८३. वकिलाला हाच आकडा सांगा.

पंचगंगाकाठ:
ट्रान्झिट अटकपूर्व जामीन घ्या की, म्हणजे तिकडच्या कोर्टात जाईपर्यंत इथल्या कोर्टाकडून थोड्या मुदतीचा. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मान्य केलाय.

काळाकोट:
पंचगंगाकाठ, तो निकाल दुसऱ्या राज्यात एफआयआर झालेल्यांसाठी. इथं एफआयआर नाही, व्यापाऱ्याने थेट कोर्टात केलेली खाजगी तक्रार आहे. आणि तो जामीन घेतला तरी शेवटी जायचं सुरतेलाच.

धागाकर्ती ताई, सरळ मार्ग सांगतो. सुरतेत वकील गाठा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज तयार ठेवा आणि मामांना स्वतः घेऊन जा. पोलिसांनी आणलेला आरोपी आणि आपल्या पायांनी आलेला आरोपी यांच्याकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. उगाच दडून राहिले तर पुढे फरारी जाहीर करणं, मालमत्तेवर जप्ती, असं वाढत जातं. मग माग विकावे लागले तरी नवल नाही. व्यापारी तयार असेल तर तडजोडही होते, कायद्याला ती चालते.

धागाकर्ती:
काळाकोट, खूप आभार. पण केस इचलकरंजीला नाही का आणता येणार?

काळाकोट:
अवघड आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक ज्याने खात्यात भरला, त्याच्या बँकेची शाखा जिथे, केस तिथे. केस नंबर आहे का?

धागाकर्ती:
मामी खण उपसतेय. तीन पाकिटं निघालीत, एक अजून फोडलेलंच नाही.