‘ऑस्टेरिटी’ला काटकसर म्हणायचं का? संपादकांनी वाक्य परत पाठवलंय

कातळावरून:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत घरून भाषांतराची कामं करते. सध्या हातात ब्रिटनवरचा एक लांबलचक लेख आहे. थोडक्यात सांगायचं तर २००८ ला बँका गडगडल्या, सरकारने पैसे ओतून वाचवल्या, तिजोरीला भगदाड पडलं, मग २०१० ला कॅमेरून यांचं आघाडी सरकार आलं आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी खर्च कापायला घेतला, तीच ती ‘ऑस्टेरिटी’. वाचनालयं बंद, लहान मुलांची केंद्रं बंद, पालिकांचा निधी कमी, सरकारी पगार गोठवले. आणि त्याच काळात कंपन्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून उतरत उतरत २०१७ ला १९ वर, सगळ्यात वरच्या कमाईवरचा प्राप्तिकर ५० वरून ४५, पण दुकानात सगळ्यांनी भरायचा व्हॅट मात्र १७.५ वरून २०. लोक का चिडले ते वेगळं सांगायला नको.

मी ‘ऑस्टेरिटी’ला सरळ ‘काटकसर’ लिहिलं. लाल होऊन परत आलं. म्हणे काटकसर हा गुण आहे, वाचकाला वाटेल सरकार फार शहाणं. मग मी ‘सरकारने कंबर कसली’ केलं तर फोनच आला, अहो ताई कंबर कसणे म्हणजे कामाला लागणे, इथे तर कामं बंद पडतायत! इंग्रजीत पट्टा आवळतात त्याच्या मागे लागून माझी गाडी घसरली, कबूल. आता तुम्हीच सुचवा. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

शुद्धलेखनी:
मितव्यय. किंवा नेमकं हवं असेल तर व्ययसंकोच. आपल्याकडे शब्द असतात, आपण शोधत नाही.

पडवीतली:
व्ययसंकोच 😂 आमच्या वाडीत हे वाचून दाखवलं तर विचारतील कोणाला संकोच वाटतोय नि कसला.

जुना_कारकून:
कातळावरून ताई, संपादकांचं म्हणणं निम्मं बरोबर. सरकारी कागदात ‘काटकसर’च चालतो, मी आयुष्यभर ‘काटकसरीच्या उपाययोजना’ अशा विषयाची परिपत्रकं आवक-जावकला चढवली. म्हणजे पंखे बंद करा, कागदाच्या दोन्ही बाजू वापरा, इथपासून ते भरती बंदपर्यंत सगळं त्याच एका शब्दाखाली. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा निर्णय आठवत असेल, योजनांना ३३ टक्केच निधी आणि नवी भरती बंद. तेव्हा कोविड होता, कारण समजण्यासारखं होतं, तो मुद्दा नाही. मुद्दा असा की सरकार खर्च कापतं तेव्हा कापलं असं कधीच लिहीत नाही. पदं कमी करायची तर ‘सुधारित आकृतिबंध’. भरायचीच नसतील तर ‘व्यपगत’. शिपाई नकोच असतील तर ‘मृत संवर्ग’, म्हणजे माणूस समोर टेबलापाशी उभा आहे, चहा आणतोय, आणि कागदावर तो मृत संवर्गात! आमच्या ऑफिसातला एक शिपाई स्वतःच हसून सांगायचा, साहेब मी मेलोय पण पगार चालू आहे.

वस्तीची_गाडी:
काका त्यात ‘भारमान’ घाला. आमच्या गावची वस्तीची गाडी ‘भारमान कमी’, म्हणजे प्रवासी कमी, म्हणून बंद झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संध्याकाळी शेवटची एसटी येते ती गावातच मुक्काम करते नि सकाळी परत जाते ती वस्तीची गाडी. आमच्याकडे देवळासमोर लागायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे, कोणाकडून तरी भाकरी जायची, कोणाकडून पेजेला लोणचं. सकाळी सहाला तो दोनदा हॉर्न द्यायचा, एकदा वरच्या वाडीसाठी आणि एकदा माझ्या आजीसाठी, कारण ती कायम अर्ध्या पाखाडीवर असायची, हातात माडाचा खराटा नाहीतर शेवग्याच्या शेंगांची जुडी, बाजारात विकायला. गाडी बंद झाल्यावर आजी बाजाराला जायची थांबली. रिक्षाला देणार किती नि शेंगांचे येणार किती.

आता त्याच शाळेचं ‘समायोजन’ होणार, म्हणजे ती दुसऱ्या शाळेत मिसळणार ऐकतोय, पट २० च्या खाली आहे म्हणून. मला सांगा यातलं काटकसर कोणी केली? आजीने केली. पैसे डेपोचे वाचले.

कातळावरून:
@वस्तीची_गाडी अगदी अगदी, हाच माझा अडथळा आहे. काटकसर करणारा नि सोसणारा एकच असतो. आमची आई आधी सगळ्यांना वाढायची नि शेवटी खरवड खायची, ती काटकसर. इथे करणारा वेगळा नि सोसणारा वेगळा.

सुकट_बोंबील:
माका तुमचा ता इंग्रजी काय कळना नाय, पण एक सांगतंय. पोटाक चिमटो घेवचो येगळो आणि चिमटो काढुचो येगळो. घेतलो तो आपल्या पोटाक. काढलो तो दुसऱ्याच्या.

पडवीतली:
वा!!! संपला धागा.

शुद्धलेखनी:
संपला कसा? वाक्प्रचार छान आहे पण पारिभाषिक संज्ञा हवी ना. ‘चिमटा-धोरण’ लिहिणार का मथळ्यात?

चाकरमानी_डोंबिवली:
मला एक कळत नाही, करकपातीला इतकं वाईट का ठरवताय? २०२५ च्या बजेटमध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य केला, मी त्यात बसतो, मला बरं वाटलं. गणपतीला गावी येताना रिझर्वेशन मिळालं नाही तर खासगी बसला देतो ते पैसे त्यातूनच देतो. शब्दचर्चा आहे तर शब्दावर बोला, राजकारण कशाला.

वस्तीची_गाडी:
भाऊ शब्दावरच बोलतोय. एसटी कमी झाली म्हणून खासगी बसला देतोस आणि वर कर वाचला म्हणतोस, हे वाक्य तूच लिहिलंयस.

जुना_कारकून:
भांडू नका. चाकरमानी, तुमचा आनंद खरा आहे, पण शब्दांची जात बघा. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के केला, नव्या कारखान्यांना १५, सरकारनेच सांगितलं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडतोय. त्याला शब्द ‘प्रोत्साहन’. बँकेने मोठं कर्ज पुसलं की ‘निर्लेखन’, काय गोड शब्द आहे, जणू पाटी कोरी केली. शेतकऱ्याचं पुसलं की ‘माफी’. माफी गुन्हेगाराला असते हो. आणि १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद तांदूळ-पीठ-दह्यावर ५ टक्के जीएसटी लागला त्याला म्हणे ‘दरांचं सुसूत्रीकरण’.

सुकट_बोंबील:
आणि आमचो डिझेलचो परतावो? आम्ही डिझेल भरतो तेव्हा कर आधी देतो, मगे आमचोच पैसो परत मागूचो. त्याका बाहेरचे लोक अनुदान म्हणतत. १ जून ते ३१ जुलै होडी बंद, आगोटीची बेगमी त्याच पैशात करूची. सोसायटीत इचारूक गेलंय तर म्हणतत निधी इलो नाय. माझ्या पासबुकाची पानां कोरी ती कोरीच. ह्या कारकूनकाकांचा निर्लेखन हाच काय?

जुना_कारकून:
नाही हो, तुमचं ते ‘थकीत’. 🙏

चाकरमानी_डोंबिवली:
कंपन्यांचा कर कमी केला तर गुंतवणूक येईल, नोकऱ्या येतील असा हिशोब असतो. चूक असेल किंवा बरोबर असेल, पण ‘प्रोत्साहन’ शब्द त्या हिशोबातून आलाय, कोणी फसवायला बसलं नव्हतं.

पडवीतली:
आणि शाळा, एसटी, दवाखान्यात डॉक्टर, हे कोणाला प्रोत्साहन नसतं वाटतं.

कातळावरून:
एक मिनिट, जुना_कारकूनकाका म्हणतायत तसंच माझ्या लेखात आहे. २०१३ ला तिकडे नियम आला, सरकारी घरात भाड्याने राहणाऱ्याकडे एक खोली जास्तीची असेल तर त्याच्या मदतीतून भाड्याच्या १४ टक्के रक्कम कमी, दोन किंवा जास्त असतील तर २५. सरकार म्हणालं आम्ही रिकाम्या खोलीचं अनुदान काढलं. लोक म्हणाले हा ‘बेडरूम टॅक्स’. खरं बघितलं तर नवीन टॅक्स काहीच नव्हता, पण लोकांचंच नाव चिकटलं. हे मराठीत कसं आणू? ‘खोलीपट्टी’ सुचलं, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालीवर.

वस्तीची_गाडी:
खोलीपट्टी मस्त! हे ठेवाच. संपादकांशी भांडा पण ठेवा.

शुद्धलेखनी:
खोलीपट्टी मान्य. बघा, आपल्या भाषेत घडवलं की कसं बसतं. रत्नागिरीच्या बाईंनी तरी ‘बेडरूम टॅक्स’ ठेवू नये, तात्याराव सावरकर तिथेच स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. महापौर शब्द कोणी दिला?

जुना_कारकून:
दिला ना, आणि रुळलाही. पण न रुळलेल्यांची यादी कोण ठेवतो? आणि तुमच्या शुद्धीत हिशोबाची वही टिकणार नाही. जमा, खर्च, बाकी, वसूल, शिल्लक, सगळे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. शिवाजी महाराजांच्या काळात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश केला तो याच साठी, तरी आज बाकी ती बाकीच. एवढंच कशाला, काटकसरीतला ‘कसर’ पण अरबी. मूळ अर्थ मोड, तुकडा, अपूर्णांक. काटणे अधिक कसर.

पडवीतली:
काटणे नव्हे, काटा! तराजूचा काटा. आमचे आजोबा दुकानदार होते, ते म्हणायचे काट्यात जी कसर राहते ना ती जमवायची म्हणजे काटकसर. प्रत्येक गिऱ्हाइकामागे चार दाणे.

जुना_कारकून:
त्याला माप मारणे म्हणतात, बाळा.

पडवीतली:
😡 आजोबांवर जायचं काम नाही.

सुकट_बोंबील:
कसर म्हणजे तो किडो नाय? पुस्तकांका नि लुगड्यांका लागता तो?

कातळावरून:
हो तोही कसरच! आईच्या शालूला लागली होती. पेटी उघडली तर जरीचे काठ धड नि मधलं पोत चाळण. अरे देवा, ही तर माझ्या लेखाचीच गोष्ट झाली की, काठ शाबूत नि अंगाची चाळण.

शुद्धलेखनी:
तो कसर वेगळा, व्युत्पत्ती वेगळी. उगाच जोडू नका.

वस्तीची_गाडी:
जोडू द्या की, कोश कोण छापतंय इथे. मी म्हणतो ‘काटछाट’ का नको? पेपरात येतो, ‘खर्चात काटछाट’. त्यात गुण नाही दोष नाही, कोयता मात्र दिसतो.

पडवीतली:
काटछाट नको. आमची हापूसची कलमं आहेत, जुन्या कलमाची छाटणी करतात ती नवी पालवी यावी म्हणून. वाचकाला वाटेल पुढे मोहोर येणार आहे.

चाकरमानी_डोंबिवली:
आला असेल तर? नुसता खर्च चालू ठेवला की सगळं छान असं नसतं. सप्टेंबर २०२२ ला तिकडेच लिझ ट्रस बाईंनी खर्च न कापता, कर्ज काढून मोठी करकपात जाहीर केली, पौंड कोसळला, आणि ४५ व्या दिवशी राजीनामा जाहीर करावा लागला. म्हणजे दोन्हीकडून मार आहे.

वस्तीची_गाडी:
हे बरोबर बोललास. पण त्यातही वरच्यांचा ४५ टक्क्यांचा टप्पा काढणार होत्या ना? म्हणजे गोष्ट तीच, कापायचं कोणाचं.

कातळावरून:
आणखी एक अडलंय. ऑस्बोर्न यांची मंडळी तेव्हा म्हणायची की यात आपण सगळे एकत्र आहोत. मी लिहिलंय ‘आपण सगळे एकाच होडीत’.

सुकट_बोंबील:
होडीत बसलास म्हणान सगळे सारखे होतत? होडीचो वाटो येगळो, जाळ्याचो वाटो येगळो, तांडेलाचो येगळो, उरता ता खलाशांचा. मासळी नाय गावली तर डिझेलाचे पैसे मात्र आधी वजा. लिही तू बाय, बरोबर आसा ता. फक्त वाचणारो होडीवरचो होयो.

शुद्धलेखनी:
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी ऑस्टेरिटीचं मूळ बघितलं. ग्रीक आहे, ‘ऑस्टेरोस’, जिभेला कोरड पाडणारं, तोंड ओढणारं. कच्च्या दारूसाठी वगैरे वापरायचे. म्हणजे मुळात अर्थ निघतो तुरट.

पडवीतली:
तुरट!! शुद्धलेखनी तुम्हाला आज शंभर गुन्हे माफ. काजूचा बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तसं. ‘सरकारचं तुरट धोरण’.

जुना_कारकून:
मग ‘तुरटी’च म्हणा. पाण्यात फिरवली की गाळ खाली बसतो नि वरचं पाणी स्वच्छ. गाळ कोण ते ज्याने त्याने बघावं.

कातळावरून:
हाहा. काका, मथळ्यात तुरटी लिहिली तर संपादक तिसऱ्यांदा फोन करतील. सध्या मी असं केलंय: पहिल्यांदा ‘खर्चकपात’, आणि सरकारच्या तोंडी येतो तिथे अवतरणात ‘काटकसर’. पण त्यात नवा घोळ, शेजारीच ‘करकपात’ आहे. ‘कपातीमुळे जनता संतप्त’ लिहिलं तर कुठली कपात? एकाच वाक्यात एकाला मिळालेली कपात नि दुसऱ्याची झालेली कपात.

चाकरमानी_डोंबिवली:
पहिलीला ‘सवलत’ म्हणा, सुटलं.

जुना_कारकून:
सवलत एसटीच्या पासाला असते. पण चालेल.

पडवीतली:
मी म्हणते ‘आबाळ’. सरकारने लोकांची आबाळ केली. हा शब्द कोणी विचारातच घेतला नाही.

शुद्धलेखनी:
आबाळ परिणाम झाला, धोरण नव्हे. आणि वर कोणीतरी ‘काजूचा बोंडू’ लिहिलंय. ‘बोंड’ हवं, नपुंसकलिंगी. काजूचं बोंड.

सुकट_बोंबील:
बोंड कापसाचा. काजूचो बोंडूच.

पडवीतली:
बोंडूच! शंभर टक्के बोंडू. गुहागरपासून मालवणपर्यंत विचारा कोणालाही.

शुद्धलेखनी:
कृषी खात्याच्या पुस्तिकेत ‘काजूबोंडे’ आहे.

वस्तीची_गाडी:
त्याच खात्याने भारमान कमी म्हणून लिहिलं असेल. आमच्यात बोंडू मिठात घालून ठेवतात, तुरटपणा जातो. उन्हाळ्यात आजी द्यायची बशीतून, तिखट लावून.

कातळावरून:
शुक्रवार उजाडला मंडळी. कोणीतरी एक शब्द द्या ना.

पडवीतली:
@वस्तीची_गाडी मीठ किती वेळ लावून ठेवायचं? आमचे चिरून लगेच काळे पडतात.