चर्चा: सेबुआनो की लाओ? मराठी भाषकाला आधी कोणती जमेल?

पूर्वरंग
आग्नेय आशियातली एखादी भाषा शिकायची ठरवली, तर मराठी माणसाने लाओ (लाओस देशाची भाषा) घ्यावी असं माझं ठाम मत आहे. सेबुआनो (फिलिपिन्समधल्या सेबू, बोहोल आणि मिंडानाओच्या मोठ्या भागातली भाषा) रोमन लिपीत लिहितात म्हणून ती सोपी, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

लाओची लिपी ब्राह्मीच्या वंशातली आहे. वर्णमाला 'क'पासूनच सुरू होते. ए, ओ या मात्रा व्यंजनाच्या आधी लिहितात, याचं आपल्याला नवल वाटू नये. आपणही 'कि'ची वेलांटी आधीच काढतो.

त्याहून मोठा फायदा शब्दांचा. पाली-संस्कृतातून गेलेले शब्द ठरावीक नियमाने बदलले आहेत. जुन्या ग, द, ब यांचे ख, थ, फ झाले आणि 'र' बहुतेक ठिकाणी गळाला. म्हणून गुरूचा खू, नगरचं नखोन, भाषेची फासा, प्रदेशाचं पथेत. 'प'चा मात्र काही शब्दांत ब झाला. पुण्याचं बुन झालं आणि तेच सणांच्या नावात बसलं: बुन पी माय म्हणजे नववर्षाचा सण. हा नियम कळला की शेकडो शब्द ओळखू येतात.

शिवाय क्रियापद बदलतच नाही. खॉय पै (मी जातो), खॉय सि पै (मी जाणार), खॉय पै लॅव (मी गेलो). काळ दाखवायला एक शब्द आधी किंवा नंतर जोडायचा. लिंग नाही, वचन नाही.

मूळाक्षर
पूर्वरंग, तुम्ही टोनबद्दल (आवाजाच्या ज्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो त्याबद्दल) एक अक्षर लिहिलं नाहीत, आणि लाओ शिकणारा अडतो तो तिथेच. व्हिएंतिआनच्या (लाओसच्या राजधानीच्या) बोलीत 'मा' एका टोनमध्ये 'येणे', दुसऱ्यात 'कुत्रा', तिसऱ्यात 'घोडा'. लिपी वाचता आली म्हणून टोन कळत नाही. २७ व्यंजनांचे तीन वर्ग आहेत: ६ उच्च, ८ मध्य, १३ निम्न. वर्ग, स्वराची लांबी, शेवटचं व्यंजन आणि वरची खूण, इतकं पाहून टोन ठरतो. 'कुत्रा' लिहिताना 'म'ला 'ह' जोडतात ते 'ह' उच्चारायला नव्हे, निम्न वर्गाचं व्यंजन उच्च वर्गात न्यायला.

मराठी भाषकाच्या चुकाही ठरलेल्या असतात. प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट वर नेतो, त्यात शेवटच्या शब्दाचा टोन मोडतो. लाओत 'बो' लावलं की प्रश्न होतो, आवाज चढवायची गरज नसते. दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची. आपण लिहिताना पाळतो पण बोलताना 'इ' आणि 'ई' जवळजवळ सारखेच उच्चारतो. लाओत त्याने अर्थ बदलतो. तिसरी, शब्दाच्या शेवटचे क, त, प आपण सोडून देतो. तिथे ओठ किंवा जीभ बंद ठेवून थांबायचं असतं.

सेबुआनोत टोनच नाहीत. मूळ स्वर तीनच: अ, इ, उ. ओ-उ आणि ए-इ यांची अदलाबदल चालते. आणि आपण/आम्ही हा भेद जसाच्या तसा आहे: ऐकणारा धरून 'किता', वगळून 'कामी'. लाओत तो नाही.

नदीकाठ
मूळाक्षर, उच्चाराचं मान्य. पण सेबुआनोचं क्रियापद तुम्ही सोयीस्कर गाळलंत! 'पालित' म्हणजे विकत घेणे. बघा:

मोपालित को ओग इस्दा: मी मासे घेईन (कुठलेही).
मिपालित को ओग इस्दा: मी मासे घेतले.
पालितोन नाको आङ इस्दा: तो मासा मी घेईन.
गिपालित नाको आङ इस्दा: तो मासा मी घेतला.

वस्तू ठरावीक असली की 'आङ' येतो, मग क्रियापदाला मो-/मि- चालत नाही, -ओन/गि- लागतो, आणि 'को'चं 'नाको' होतं. नवशिका हमखास 'मिपालित को आङ इस्दा' म्हणतो आणि वाक्य मोडतं. नकार आला की आणखी एक रूप: 'वाला नाको पालिता आङ इस्दा', म्हणजे गि- जाऊन शेवटी -आ. 'कोणी घेतला?' विचारताना मि-, 'काय घेतलंस?' विचारताना गि-. हे बोलतानाच ठरवावं लागतं.

मूळाक्षर
नदीकाठ, हे मराठीला इतकं परकं नाही. 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली': क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे बघतं, हे आपण लहानपणापासून करतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही कल्पनाच मुळात नवी.

नदीकाठ
साम्य अर्धंच. आपल्याकडे ते भूतकाळ ठरवतो, बोलणाऱ्याला निवड नाही. सेबुआनोत भविष्यातही निवड आहे आणि ती वस्तू ठरावीक आहे का यावर होते. मराठीच्या भरवशावर राहणारा भूतकाळात सगळीकडे गि- लावेल, अगदी 'कुठलेही मासे' म्हणतानाही.

अनुस्वार
दोघांच्या वादात काही गोष्टी राहिल्या.

टोनचा तक्ता वाटतो तेवढा मोठा नाही. व्हिएंतिआनच्या बोलीत पहिली खूण (माय एक) असली की तिन्ही वर्गांचा टोन एकच, मधला सपाट. दुसरी खूण (माय थो) असली की दोनच शक्यता: उच्च वर्ग खालून घसरतो, बाकीचे दोन वरून. आधी खुणा असलेले शब्द पक्के करावेत, बिनखुणेचे नंतर. उत्तर लाओसमधल्या लुआंग फाबांगकडचे टोन मात्र वेगळे, त्यामुळे ध्वनिफिती एकाच गावच्या घ्याव्यात.

सेबुआनोतही एक सापळा आहे. आघात अर्थ बदलतो आणि रोजच्या लिखाणात तो दाखवत नाहीत. 'दुओल'मध्ये पहिल्या अवयवावर (दु) जोर दिला तर 'जवळ ये', दुसऱ्यावर (ओल) दिला तर 'जवळ'. शब्द लिहून घेताना आघाताची खूण स्वतः करावी.

शब्दाच्या सुरुवातीचा 'ङ' दोन्हीकडे आहे: लाओत ङूआ (गाय-बैल), सेबुआनोत ङिपोन (दात). आपण तिथे 'न' किंवा 'नग' म्हणून बसतो. 'अंगण' म्हणताना अनुस्वारावर थांबा, 'ग' येऊ देऊ नका, तिथूनच पुढचा स्वर काढा.

वाचायला काय घ्यावं, यावरही सावध राहा. सेबुआनो विकिपीडियात ६० लाखांहून अधिक लेख दिसतात, पण त्यातले बहुतेक एका बॉटने साच्यातून तयार केलेत. त्यावरून वाक्यरचना शिकू नये.

आणि पूर्वरंग, दावाव (मिंडानाओतलं शहर) किंवा सेबूला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या आपल्या मुलांना लाओचा काय उपयोग? शिक्षण इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला रुग्ण बिसायातच (म्हणजे सेबुआनोतच) बोलतो. त्यांनी व्याकरणाचा क्रम सोडून आधी गि- आणि नाग- हे क्रियापदाचे उपसर्ग पक्के करावेत. 'उन्सा आङ गिबाती निमो?' (काय होतंय तुम्हाला?) आणि 'कानुस-आ नागसुगोद आङ साकित?' (दुखणं कधी सुरू झालं?) या दोन प्रश्नांत ते दोन्ही आहेत.

पूर्वरंग
अनुस्वार, त्या मुलांपुरतं माझं म्हणणं मागे घेतो. त्यांनी सेबुआनोच शिकावी. ज्याला असं कारण नाही त्याच्यासाठी मात्र मी लाओवरच ठाम आहे. टोन कानाने दुरुस्त होतात, एखादा चुकला तरी संदर्भावरून ऐकणारा सांभाळून घेतो. 'आङ'चा गोंधळ झाला तर कुठला मासा हेच कळत नाही.

नदीकाठ
संदर्भावर इतकं विसंबू नका. 'खाव'चे टोन बघा: एकात 'पांढरा', एकात 'बातमी'. दुकानात एकटा शब्द उच्चारलात तर सांभाळून घ्यायला संदर्भ कुठून आणणार?